डागाचा कागद

६ जानेवारी

प्रिय धाकटे,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच केला असता, पण चाळीस वर्षं शिलाई मशीनच्या खडखडाटात बसून माझ्या कानांनी राजीनामा दिलाय. तू बोलतेस, मी नुसता हो हो करतो, आणि नंतर बटण विचारते की आत्या काय म्हणाली, तेव्हा माझी फजिती होते. शिवाय सोबत कागद पाठवायचे आहेत, ते फोनमधून कसे येणार?

बटणविषयीच लिहितोय. ऑगस्टमध्ये तिच्या उजव्या मनगटावर शर्टाच्या बटणाएवढा पांढरा ठिपका उठला. आम्ही हसलो, म्हटलं पोरगी नावाला जागली. महिन्याभरात त्याचा मनगटाला अर्धा वळसा झाला. मग मानेवर डावीकडे एक, आणि दिवाळखोर माणसाच्या दारात सावकाराने उभं राहावं तसा तिसरा थेट चेहऱ्यावर, डाव्या भुवईच्या टोकाला. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कोड आहे म्हणून सांगितलं. हा एवढासा शब्द लिहायला मला चार महिने लागले.

बाई चांगल्या आहेत, घाबरवत नाहीत. म्हणाल्या, हे कुणाला लागत नाही आणि जिवाला धोका नाही. दोन वेळा मलम आणि आठवड्यातून तीनदा लाइट घ्यायचा, म्हणजे एका पेटीसारख्या मशीनमध्ये उभं राहून अंगावर किरण घ्यायचे. निदान वर्षभर. आधी पसरणं थांबवायचं, मग रंग आणायचा. आणि उशीर करू नका, असं दोनदा म्हणाल्या. ज्या जागेवरचे केसही पांढरे होतात तिथे रंग परत येणं फार कठीण असतं. भुवईचे केस अजून काळे आहेत. मी रोज चहा देताना चोरून बघतो.

बटण सात वर्षं त्या चष्म्याच्या दुकानात आहे, लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायचं काम करते. ऑक्टोबरात एका बाईने तिचा हात जवळ येताच तोंड मागे घेतलं. मालकाने दुसऱ्या दिवसापासून तिला आतल्या खोलीत काचा घासायला बसवलं. वाईट माणूस नाही, म्हणाला, बरी झाली की परत काउंटरवर घेतो. तेवढ्या एका वाक्यावर पोर जगतेय. पण दहा वेळा लाइट घेऊन आली आणि आता म्हणते, काही फरक नाही, बाबा, मला नाही जायचं. परवा आपणहून म्हणाली, आत्याकडे जाऊ का, सुया लावून घ्यायला?

तुझ्या ॲक्युपंक्चरच्या सुयांवर मी पंधरा वर्षं टवाळी केली. माणसं टोचून पोट भरतेस म्हणालो, टाचण्यांची उशी म्हणालो, चार लोकांत म्हणालो. ते सगळं मागे घेतो. तिला ठेवून घे.

तिन्ही डागांचे कागद सोबत आहेत. बटणला खिडकीपाशी उभी केली, पातळ कागद अंगावर धरून कडेकडेने ठिपके काढून घेतले, मग टेबलावर बसून पक्का कागद केला, दुकानात करतो तसा. तासभर हलली नाही. लहानपणी फ्रॉक मापायला अशीच उभी राहायची.

तुझा,
दादा

१५ जानेवारी

दादा,

तू माफी मागितलीस हे पत्र मी फ्रेम करून दवाखान्यात लावणार आहे. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला दाखवीन की हा माझा भाऊ, ज्याने माझ्या पहिल्या पाटीवर 'येथे चाळणी करून मिळेल' असं खडूने लिहिलं होतं.

पोरीला पाठव. विचारतोस काय?

पण आता हसणं बंद करून ऐक. माझ्या सुया रंग भरत नाहीत. कोडावर सुयांचा उपयोग होतो असं सांगणारे लोक आहेत, माझ्याच धंद्यात पुष्कळ आहेत, पण छातीवर हात ठेवून सांगावं एवढा पुरावा माझ्या बघण्यात नाही. झोप लागते, जिवाची घालमेल कमी होते, माणूस जरा माणसात येतो, हे मी रोज बघते. म्हणून माझी अट आहे. सुया सोबतीला, डॉक्टरांच्या ऐवजी नाही. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात ते लाइटचं मशीन आहे, माझ्या घरून चालत वीस मिनिटं. बाईंची चिठ्ठी आणि मलम घेऊन ये म्हणावं. आठवड्यातून तीन दिवस लाइट, दोन दिवस मी. तीन महिने तरी राहू दे.

तुझे कागद बघून मात्र धन्य झाले. डाग काढलेत का कोटाच्या बाह्या? एवढी स्वच्छ रेघ माझ्या पाहण्यात नाही. माझ्या खाटेसमोरच्या भिंतीवर तिन्ही लावून टाकलेत. सहा आठवड्यांनी तिथेच शेजारी नवे लावू, म्हणजे कळेल कुठे आहोत ते.

धाकटी

२४ जानेवारी

प्रिय धाकटे,

बटण उद्याच्या गाडीने निघतेय. उंच कॉलरचे पाच ब्लाऊज शिवून दिलेत आणि बाह्या तळहातापर्यंत आणल्यात. तिने मागितले नव्हते, मीच शिवले. घालून बघताना आरशाकडे पाठ करून उभी राहिली आणि मला विचारलं, बरं दिसतं का? दिवसभर आरशांनी भरलेल्या दुकानात काम करणारी मुलगी. मला एकदम तिच्या आईची आठवण झाली, आणि पहिल्यांदाच वाटलं की बरं झालं ती हे बघायला नाही.

अट मान्य आहे. लाइट चुकवला तर कान उपट.

सुयांना घाबरते, पण तुला सांगणार नाही. तिला भात मऊ लागतो. घरी परत येईल तेव्हा तिला काउंटरवर उभी राहिलेली बघायची एवढीच माझी इच्छा आहे, बाकी मला काही नको.

दादा

१० मार्च

दादा,

बसला आहेस ना? नसशील तर बस.

सहा आठवडे झाले. काल बटणला खाटेवर बसवून मी स्वतः तिन्ही डागांवर कागद धरला आणि अगदी कडेवरून पेन फिरवलं. मग भिंतीवरचे तुझे कागद काढून वर ठेवले. माझा डाग तुझ्या डागाच्या आत आला! मनगटाचा आत, मानेचा आत, भुवईचा आत. मी पुन्हा केलं. बटणने स्वतः केलं. सगळ्या बाजूंनी सरळ आत गेलाय, थोडाथोडका नाही, बोटाच्या पेराच्या निम्मा तरी.

मी तुला जानेवारीत जे लिहिलं ते सगळं खरंच होतं, आणि आता हेही डोळ्यांना दिसतंय. पंधरा वर्षांत असं झालेलं नाही. शेजारच्या गल्लीत माझ्याच धंद्यातली एक मैत्रीण आहे, तिला बोलावून दाखवलं, तिनेही दोनदा कागदावर कागद ठेवून बघितला. दादा, मी रडले. लोकांची कंबर आणि गुडघे करता करता आयुष्य गेलं, आणि घरच्या पोरीच्या बाबतीत हे व्हावं!

आता एक विचारायचंय. लाइटने तिला मानेवर चटके बसतात, कातडी लाल होते, त्या खोलीतल्या इतर पेशंटांना बघून ती उदास होऊन येते. ती म्हणते, तिकडे दहा वेळा लाइट घेऊन काहीच झालं नाही, इथे सुया सुरू केल्यावर झालं, मग लाइट कशाला? मी नाही म्हणाले. मग कागद बघितले आणि माझंही मन डळमळलं. शेवटी तिला सांगितलं, बाबा काय म्हणतात ते करू. तुझ्या हातच्या मापावर सगळं उभं आहे, तेव्हा तूच सांग. कागदांचे दोन्ही जोड सोबत पाठवतेय, तूही ठेवून बघ. तुझे मला परत हवेत.

बटणनेही चार ओळी लिहून पाकिटात घातल्यात, मला वाचू दिल्या नाहीत.

धाकटी

१७ मार्च

प्रिय धाकटे,

पत्र पोचलं. कागद पोचले. बटणची चिठ्ठीही वाचली. फार आनंद झाला.

लाइटचं तुम्ही दोघीच ठरवा. मी शिंपी माणूस, मला यातलं काय कळतंय? मापाचं म्हणशील तर आता माझंही वय झालं, हात पूर्वीचा राहिला नाही, तेव्हा फार विसंबू नये.

कागदांचे दोन्ही जोड परत पाठवतोय. इकडे थंडी गेली. दुकानात एक लांब कोट आलाय, त्याचं अस्तर बदलायचं आहे, त्यात दिवस जातो.

दादा

२६ एप्रिल

दादा,

तुझं मागचं पत्र पोस्टमनने अर्धं खाल्लं की काय? आनंद झाला म्हणून सात ओळी! मी समजून घेतलं की तुला शब्द सुचले नाहीत. वडील माणसं अशीच.

तू नाही म्हणाला नाहीस, म्हणून आम्ही वीस मार्चपासून लाइट बंद केला. मलमही ती आता लावत नाही. सुया मात्र आठवड्यातून चार दिवस. पोरगी इतकी हसते की माझं घर मला ओळखू येत नाही. तिने चष्म्याच्या मालकाला कळवून टाकलंय की जूनमध्ये परत येते, काउंटर रिकामा ठेवा. त्याचं उत्तर आलं, ठेवतो म्हणून. ते पत्र ती पर्समध्ये घेऊन फिरते.

परवा पुन्हा कागद काढला. माझ्या मार्चच्या रेघेपेक्षा या वेळची रेघ थोडी बाहेर गेलीय. मानेवर जास्त. मला वाटतं उन्हाने आजूबाजूची कातडी काळवंडली, म्हणून कड आता जास्त उठून दिसते, आधी दिसत नव्हती. काही असो, तुझ्या जानेवारीच्या रेघेच्या अजून बरीच आत आहे, तेव्हा काळजी नाही. मी तिला तेच सांगितलं.

अजून एक. भुवईच्या टोकाला तीन केस पांढरे झालेत. तिने चिमट्याने उपटून टाकले आणि मला म्हणाली, बाबांना लिहू नकोस. लिहायचं नव्हतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं? एवढी सुधारणा होत असताना तीन केसांचं काय मनावर घ्यायचं, नाही का?

धाकटी

२ मे

धाकटे,

हातातलं काम बाजूला ठेव आणि बटण घरात नसताना वाच.

उद्याच तिला लाइटला घेऊन जा. मलम सुरू कर. आधी हे कर, मग पुढचं वाच.

डाग कमी झालेला नाही. कधीच झाला नव्हता. जानेवारीत मी अंगावरून ठिपके काढून घेतले ते बरोबर होते. मग टेबलावर पक्का कागद करायला बसलो आणि चाळीस वर्षं जे करतो तेच केलं. आम्ही अंगाच्या मापावर रेघ मारत नाही. शिलाईत जाणारं कापड धरून अर्धा इंच बाहेर मारतो. त्याला मार्जिन म्हणतात. कुठलाही कटर ती विचार करून सोडत नाही, हात आपोआप बाहेर जातो. मी माझ्या मुलीच्या डागाला मार्जिन सोडली. तिन्ही डागांना, चहूबाजूंनी, अर्धा अर्धा इंच. तू जी सुधारणा बघितलीस ती एवढीच होती.

आणि धाकटे, मला हे आज कळलेलं नाही. मार्चमध्ये कळलं. तू लिहिलं होतंस, सगळ्या बाजूंनी सरळ आत गेलाय. कातडी अशी टेप लावून आत जात नाही. मी खण उघडला, जानेवारीचा ठिपक्यांचा कच्चा कागद काढला आणि तुझ्या कागदावर ठेवला. दोन्ही तंतोतंत जुळले. केसाचाही फरक नाही.

याचा अर्थ तुला कळतोय का? मला त्या दिवशी कळला होता. पाच महिने दर आठवड्याला पसरणारा डाग त्या सहा आठवड्यांत जागचा हलला नव्हता. थांबला होता. बाईंनी सांगितलेलं पहिलं काम झालं होतं. लाइटने झालं की मलमाने, की तुझ्या सुयांनी तिला झोप लागायला लागली म्हणून, ते मला नाही ठाऊक. पण जे चाललं होतं ते तसंच चालू ठेवायचं होतं, आणि तू मला सरळ विचारलं होतंस. मी लिहिलं, तुम्ही दोघीच ठरवा.

का लिहिलं ते सांगतो. बटणची ती चिठ्ठी माझ्या समोर होती. तिने लिहिलं होतं, "बाबा, आज मी आरशासमोर दोनदा उभी राहिले. दुसऱ्यांदा मुद्दाम. तुमची कॉलर काढून." हे वाचल्यावर मला पेन उचलवेना. आणि तुझंही पत्र होतं. पंधरा वर्षं मी तुझी चेष्टा केली, आणि आता तू रडलीस म्हणून लिहितेस, आणि मी परत उठून म्हणायचं की तुझं काही खरं नाही? वाटलं, आज नको, पुढच्या पत्रात लिहू. वाटलं, कुणी सांगावं, खरंच कमी होईल. असे सहा आठवडे काढले. त्या कोटाचं अस्तर मी दोनदा उसवून पुन्हा लावलं, दुसरं काही सुचत नव्हतं.

तिला काय सांगायचं ते तू ठरव. हेही तुझ्यावरच टाकतोय, बघ.

दादा

१३ मे

दादा,

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलात नेली. इथल्या डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं. मनगट आणि मान वाढलेत, पण प्रयत्न केला तर रंग येऊ शकतो म्हणाले, वर्ष लागेल, दीड लागेल. भुवईपाशी बराच वेळ थांबले. तिथले आता बरेच केस पांढरे आहेत, पुढे पापणीपर्यंत गेलंय. तिथला रंग परत येण्याची आशा त्यांनी फारशी दिली नाही. मार्चमध्ये लाइट सोडला नसता तर, असं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि माझ्याकडे बघून अर्ध्यावर सोडलं. लाइट सुरू झालाय, मलमही.

तुझा राग आला. दोन दिवस इतका आला की तुझे कागद फाडायला उठले होते. मग स्वतःचा आला. दादा, तू शिंपी आहेस. पेशंट माझी होती. ती आली त्या दिवशी पहिलं माप मी घ्यायला हवं होतं, फोटो काढायला हवे होते. नवीन मुलगी शिकायला आली तर तिला मी पहिल्या तासाला हे शिकवते. तुझा कागद एकदा जरी तिच्या मानेवर धरला असता तरी मला तिथल्या तिथे कळलं असतं. धरला नाही, कारण भिंतीवर छान दिसत होता. आणि मार्चमध्ये तपासला नाही, कारण मला तो खरा हवा होता. मैत्रिणीला बोलावून दाखवण्याची घाई झाली होती मला. एप्रिलमध्ये डाग वाढलेला दिसला तेव्हा मी उन्हाची गोष्ट रचली, ती तुला आठवत असेल. ती मी तुला सांगत नव्हते, स्वतःला सांगत होते.

बटणला सांगितलं की माझी चूक झाली. पहिले कागद मार्जिन धरून होते आणि मला ते कळलं नाही, एवढंच. तिने ऐकून घेतलं, हातपाय गाळले नाहीत, रडली नाही, उठून दोघींसाठी चहा केला. मालकाचं ते पत्र पर्समधून काढून माझ्या कपाटात ठेवायला दिलं.

तुला कधी कळलं ते मी तिला सांगितलेलं नाही. ते सांगायचं काम माझं नाही. तुझं तू बघ.

धाकटी

३० मे

बाबा,

आत्याला न सांगता लिहितेय.

ती म्हणाली चूक तिची. मी मान डोलावली. नंतर ती पेशंट बघत होती तेव्हा मी सगळे कागद काढून बसले. काचा घासून घासून मला एक सवय लागलीय, दोन गोष्टी एकमेकींवर ठेवल्या की कड कुठे चुकते ते लगेच दिसतं. तुमची रेघ आणि आत्याची रेघ यांच्यातलं अंतर कुठेच कमी-जास्त नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे एकदम तुमचं टेबल आलं. मी सात-आठ वर्षांची असेन. तुमच्या रद्दी कागदांवरून बाहुलीचा फ्रॉक कापला होता आणि तो तिच्या अंगावरून घसरला. मी भोकाड पसरलं. तुम्ही मला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, "बाबाची रेघ म्हणजे बाहुली नाही गं. बाहुली रेघेच्या अर्धा इंच आत असते." मला हे ठाऊक होतं, बाबा. मार्चमध्ये मी स्वतः कागदावर कागद ठेवला आणि मला आठवलं नाही. मग मी आत्याला काय बोलणार?

पण तुम्ही विसरला नसणार. तुम्हाला दुकानाच्या दारातून माणूस आत येताना त्याचा एक खांदा किती खाली आहे ते दिसतं. आणि दोन्ही कागद टपालाने तुमच्या हातात आले होते. मग तुम्ही ते परत पाठवलेत आणि कोटाच्या अस्तराविषयी लिहिलंत. ते पत्र आत्याच्या खणात होतं, मी वाचलं.

तुम्ही असं का केलंत ते मला कळतं. माझी चिठ्ठी मला पाठ आहे. ती लिहिली नसती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मालकाला कळवलं की येत नाही. इथेच एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालंय, आतल्या खोलीतलं. मीच आतलं मागितलं. आठवड्यातून तीनदा लाइटला जाते. रविवारी आत्याकडून सुया लावून घेते, त्यानंतर मला झोप लागते. सुयांकडून दुसरं काही मागत नाही. तुमचे कॉलरचे ब्लाऊज घालत नाही, इथे उकडतं, आणि भुवईला कॉलर लावता येत नाही.

सोबत भुवईचा कागद आहे. आरशात बघून माझ्या हाताने काढलाय, म्हणजे उलटा आहे, पण माप बरोबर आहे. यापुढे माप मीच घेणार. याला मार्जिन नाही.

मला एकच सांगा. मार्चमध्ये ते पाकीट आलं तेव्हा तुम्हाला कळायला किती वेळ लागला? वय झालं असं तुम्हीच त्या पत्रात लिहिलं होतंत, कदाचित पुष्कळ दिवसांनी कळलं असेल. तसं असेल तर तसं लिहा. पण खरं लिहा.

बटण

९ जून

बटण,

तुझा कागद टेबलावर ठेवलाय. तुझी रेघ जरा थरथरलीय, पण बरोबर आहे. वर दुसरा कागद ठेवून तो सुलटा करून घ्यावा म्हणून पेन्सिल घेतली, आणि हात पुन्हा बाहेर गेला. पेन्सिल खाली ठेवली. तू काढलाहेस तसाच राहू दे.

आत्याला दोष देऊ नकोस. तिने मला विचारलं होतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर तीन वेळा लिहून फाडलं. एकात आठ दिवस लिहिले होते, एकात दोन. मी पाकीट दुकानाच्या दारातच उघडलं होतं. दोन्ही कागद एकात एक घड्या घालून ठेवलेले होते, आणि उजेडापुढे धरल्यावर दोन्ही रेघा एकदम दिसत होत्या. मी अजून घडी उलगडलीही नव्हती, तेव्हाच मला कळलं. तुझी चिठ्ठी मी त्यानंतर वाचली.

बाबा